फॉगीचे वकीलपत्र

'डेअरडेव्हिल' या अमेरिकी मालिकेचा विषय निघाला की मला हटकून एकच प्रश्न विचारला जातो: नायक मॅट मर्डॉक असताना तुम्ही फॉगी नेल्सनचे वकीलपत्र का घेता? विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी कीव असते. रात्री मुखवटा चढवून न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचनच्या गल्ल्यांत जीव धोक्यात घालणारा एक आणि त्याच्यावर रुसून बसणारा दुसरा, यात निवड करायला कसला वेळ लागतो, असे त्यांना वाटत असावे. आजवर मी हसून वेळ मारून नेली. अलीकडे मात्र या प्रश्नाला 'तुम्हाला कुणीतरी जवळच्या माणसाने फसवले असणार' अशी पुस्ती जोडली जाऊ लागली आहे आणि ती साफ चुकीची असल्यामुळे एकदाच सविस्तर उत्तर देते. तुम्ही विचारलेत म्हणून.

कथा थोडक्यात अशी: मॅट हा आंधळा वकील, फॉगी त्याचा कॉलेजपासूनचा मित्र आणि वकिलीतला भागीदार, आणि मॅट रात्री मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढतो हे फॉगीला ठाऊक नाही. आता थेट 2015 च्या पहिल्या सीझनच्या दहाव्या भागावर येते. त्याचे शीर्षकच मुळी खटल्याचे आहे, 'नेल्सन विरुद्ध मर्डॉक', आणि खटला चालतो तो मॅटच्या घरात. आदल्या भागाच्या शेवटी फॉगीला त्या घरात मुखवट्याचा माणूस रक्तबंबाळ होऊन पडलेला सापडतो आणि मुखवट्याखालून त्याचाच भागीदार निघतो. आता टाके घातलेला मॅट कोचावर पडून आहे आणि फॉगी जखमांबद्दल विचारण्याआधी विचारतो, तू खरोखर आंधळा तरी आहेस का? मग तो बोट वर करून दाखवतो, ते एकच आहे हे मॅट बरोबर सांगतो, आणि ते कोणते बोट आहे हे प्रेक्षकाला दिसत असल्यामुळे क्षणभर हसूही येते. त्यानंतर ज्या गोष्टीचा उलगडा होतो ती मला मालिकेतल्या कोणत्याही मारामारीपेक्षा क्रूर वाटते. मॅटला माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि समोरचा खोटे बोलतो आहे की नाही, हे त्याला त्यावरून कळते. म्हणजे कोलंबिया विद्यापीठातल्या वसतिगृहापासून आजपर्यंत फॉगी जेव्हा जेव्हा काही झाकायला गेला, तेव्हा तेव्हा ते मॅटला समजले होते, आणि तरीही न समजल्यासारखे दाखवून तो पुढे बोलत राहिला होता.

त्याच भागात मागच्या वर्षांची दृश्ये येतात. लँडमन अँड झॅक या बड्या फर्ममध्ये दोघांचे भवितव्य सुरक्षित होते, पण तिथे एका आजारी माणसाविरुद्ध कंपनीची बाजू लढवली जाताना मॅटला राहवले नाही, आणि मॅटला राहवले नाही म्हणून फॉगीनेही पाणी सोडले. ज्या सदसद्विवेकासाठी त्याने नोकरी सोडली, त्याचा मालक रात्री कायदा धाब्यावर बसवतो हे त्याला इतक्या उशिरा, तेही अपघाताने कळते. भागाच्या अखेरीस दोघांच्या नावांची पाटी तो कचऱ्यात टाकतो. तुम्ही याला रुसणे म्हणता.

वकिलीच्या अंगाने पाहिले तर प्रकरण आणखी अवघड आहे. न्यूयॉर्कच्या वकिलांच्या आचारसंहितेतल्या नियम 8.3 प्रमाणे, दुसऱ्या वकिलाच्या प्रामाणिकपणाविषयी गंभीर शंका उत्पन्न करणारा नियमभंग निश्चितपणे माहीत असेल, तर तो कळवणे हे वकिलाचे कर्तव्य ठरते. त्याला अपवाद आहेत, पण फॉगीच्या डोक्यात त्या रात्री तो नियम आलाच नसेल असे मला वाटत नाही. मुखवटा उतरला त्या क्षणी त्याच्यापुढे दोनच वाटा राहिल्या, साथीदार होणे किंवा चहाडी करणे, आणि त्यांपैकी एकही त्याने मागितली नव्हती. मॅटची द्विधा मनःस्थिती त्याने स्वतः ओढवून घेतलेली आहे आणि ती ऐकायला त्याच्या चर्चचे पाद्री फादर लँटम आहेत. फॉगीचे ऐकायला कुणीही नाही. मॅटला गाडीची धडक बसली असे त्यांच्याच कार्यालयात काम करणाऱ्या कॅरनला सांगण्याची वेळ त्याच्यावर येते, म्हणजे ज्या खोटेपणामुळे तो पेटला होता तोच तिच्याशी करणे त्याला भाग पडते.

आता त्या पुस्तीबद्दल. मला कुणी फसवलेले नाही. मी फसवले आहे.

मी नोकरी करत असलेल्या ठिकाणी एकदा कर्मचारीकपात व्हायची होती. यादी तयार करण्याच्या कामात मी होते आणि कुणालाही काही न सांगण्याचा शब्द मी वरिष्ठांना दिला होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीचे नाव त्या यादीत होते. त्या काळात ती घर घेण्याच्या विचारात होती. एके दिवशी बँकेचे कागद माझ्या टेबलावर पसरून तिने मला विचारले, हप्ता झेपेल ना ग? मी पेन्सिल घेतली, एका रकान्याखाली रेघ ओढली आणि मुदत वाढवून घे, असा सल्ला दिला. तो सल्ला उत्तमच होता. सहा आठवड्यांनी सगळे उघड झाले, तेव्हा ती ओरडली नाही. ती एवढेच म्हणाली, "तुला माहीत होतं याचं मला काही नाही. पण मी बोलत होते आणि तू ऐकत होतीस."

तोवर मी मॅटच्या बाजूची होते. 2015 साली मी तावातावाने सांगत असे की गुपित राखणे म्हणजे जवळच्यांचे रक्षण करणे, आणि मैत्रिणीच्या बाबतीतही मी स्वतःला नेमके हेच सांगितले होते. तेव्हाच्या त्या बाईला आज मला विचारावेसे वाटते की रक्षण नेमके कुणाचे झाले. ती गप्प बसणार नाही हेही मला ठाऊक आहे. ती म्हणेल की दिलेला शब्द मोडला असता तर यादीतल्या बाकीच्यांचे काय, आणि शब्द मोडणाऱ्या बाईवर पुढे कोण विश्वास ठेवणार? यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

शिवाय माझ्या युक्तिवादात एक मोठे भगदाड आहे आणि ते चाणाक्ष वाचकांना कधीच दिसले असेल. लगेच पुढच्या भागात कॅरन खलनायक फिस्कचा उजवा हात असलेल्या वेस्लीला गोळ्या घालते आणि ते दोघा मित्रांपासून लपवते, पण तिच्यावर मात्र मी कधी चिडत नाही. तिला भीती वाटत होती, असे मी म्हणते. मग मॅटला वाटत नव्हती का? दुसऱ्या सीझनमध्ये त्यांचा अशील फ्रँक कॅसल याच्या खटल्याच्या पहिल्याच दिवशी मॅट वेळेवर उगवत नाही आणि सुरुवातीचे निवेदन फॉगीला ऐनवेळी करावे लागते, तेव्हा माझा पारा चढतो खरा. पण तो तत्त्वासाठी चढतो की फॉगी मला आवडतो म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मॅटने सांगितलेली त्या लहान मुलीची हकिकतही मला गैरसोयीची आहे. तिचे रात्रीचे रडणे त्याला ऐकू येत होते, रीतसर तक्रार करूनही काही झाले नाही, आणि शेवटी त्याने तिच्या बापाला गाठून झोडपले. त्या मुलीसमोर उभे राहून नियम 8.3 वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही, आणि फॉगीचीही होत नाही.

तो भाग मी परवा पुन्हा पाहिला. या वेळी फॉगी बोलत असताना मी मुद्दाम मॅटच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. एक गोष्ट इतकी वर्षे माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्याला कान मिटून घेता येत नाहीत. फॉगी त्याला दोष देत असतानाही, त्याचाच आवाज कापत असतानाही, मॅटला त्याचे ठोके ऐकू येतच असणार, आणि ते आता ऐकू नयेत म्हणून त्याला करण्यासारखे काहीही नाही. मग त्याने केव्हा सांगायला हवे होते? वसतिगृहात, ओळख होताच पहिल्या दिवशी? मी पेन्सिल खाली ठेवून काय म्हणायला हवे होते?