आधी सूर तर लावू दे

युकुलेले, म्हणजे गिटारचं चार तारांचं धाकटं भावंड, हातात घेतलं की बराच वेळ मी वाजवतच नाही, नुसत्या खुंट्या पिळत बसतो. नायलॉनच्या नव्या तारा ताण बसला की लांबतात आणि सूर उतरतो. चौथी तार जुळेपर्यंत पहिली खाली घसरलेली असते. तारा बसेपर्यंत हे असंच चालायचं, असं जाणकार सांगतात. यावर नवशिक्यानं वैतागायला हवं. मी मनातून खूश होतो.

कारण मला वाजवण्यापेक्षा सूर लावणंच जास्त आवडतं. ही खोड लहानपणची. गाण्याच्या कार्यक्रमाला मला न्यायचे, तेव्हा तबलजी हातोडी काढून तबल्याच्या कडेवर टक्‌ करायचे, कान जवळ न्यायचे, पुन्हा टक्‌. मागे तंबोऱ्याची खुंटी करकरायची. गवई डोळे मिटून मान हलवायचे : अजून नाही. लोक खोकून घ्यायचे, कुणी घड्याळ बघायचं, आणि मी श्वास रोखून बसलेला. मग अचानक सगळं जुळायचं, गवई षड्ज लावायचे आणि मला गाढ झोप यायची. पोराला गाण्यातलं काही कळत नाही, असं घरचे म्हणत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

युकुलेलेत तर सूर लावणाऱ्याची चंगळच. चार तारांचे सूर जी, सी, ई, ए. हनुवटीकडची जी सर्वांत खर्जातली असेल असं वाटतं, पण ती असते चांगली चढी, ए च्या जेमतेम एक स्वर खाली. खर्ज धरते तिच्या शेजारची सी. म्हणजे जिना चढायला निघावं तर पहिलीच पायरी वरच्या मजल्याला टेकलेली! वाद्याच्या डोक्याला क्लिपचा ट्यूनर, म्हणजे सूर तपासणारं यंत्र, लावला की हिरवा दिवा लागतो आणि काम संपतं. मी तो शक्यतो लावत नाही. इतक्या लवकर संपवायचं कशाला?

या वाद्याचे पूर्वज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईला आले ते 1879 मध्ये, ‘रेवन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून. चार महिन्यांचा प्रवास. होनोलुलूच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या जुआंव फर्नांडिश नावाच्या प्रवाशानं आनंदानं मशेत, म्हणजे तिकडचं छोटं गिटारसारखं वाद्य, वाजवायला घेतलं, असं सांगतात. त्याच जहाजातल्या नुनिश, दियाश आणि सांतु या सुतारांनी पुढे युकुलेले घडवलं. हे सगळं छान आहे. पण चार महिने खारी हवा खाल्लेलं वाद्य त्यानं काढलं आणि थेट वाजवलं? आधी खुंट्या पिळल्याच असणार. धक्क्यावरची माणसं ताटकळली असणार. ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

कॉर्ड्‌सचं, म्हणजे एकदम छेडायच्या स्वरांच्या जुळणीचं म्हणाल तर सी ला एक बोट, ए मायनरला एक, एफला दोन, जी सेव्हनला तीन. एवढ्या भांडवलावर ढीगभर गाणी निघतात. मग येतो ई. चौथ्या पट्टीत तीन बोटं दाटीवाटीनं कोंबायची, चौथं दुसऱ्या पट्टीत, आणि कुठल्याच तारेनं खरखरायचं नाही. त्याच्याकडे वळायची वेळ आली की मला हटकून जी उतरल्यासारखी वाटते.

पण अलीकडे तारा बसायला लागल्यात. काल ठेवलेले सूर आज तसेच्या तसे सापडले. चारही तारा पुन्हा पुन्हा छेडून पाहिल्या, कुठे काही खोट नाही. आता ई ला काय सांगायचं?