दोन लहान मुलं, एका दिवसाची सहल आणि सव्वादोन तासांची रांग : माझा अनुभव

सहलीला तीन आठवडे होऊन गेले, तरी त्या तिकीट खिडकीची आठवण आली की अजून डोक्यात तिडीक जाते. निदान दुसऱ्या कुणाच्या लेकरांवर ती वेळ येऊ नये, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमची मोठी साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. सकाळी निघायचं, प्राणी उद्यान बघायचं, संध्याकाळी घरी यायचं, एवढाच बेत. गुरुवारी रात्री ठरलं आणि रविवारी निघालो. ऑनलाइन तिकिटं काढली, 10 ते 12 ची वेळ मिळाली. तिकिटं हातात आली म्हणजे तयारी झाली, असं आम्ही दोघंही धरून चाललो. चूक तिथेच झाली. तिकीट मोठ्यांच्या घड्याळाप्रमाणे काढलं होतं. धाकटा साडेबाराला झोपतो, याचा विचार कुणीच केला नाही.

आठला निघणार होतो, साडेनऊ वाजले. वाटेत मोठी कंटाळली म्हणून नवऱ्याने तिच्या हातात मोबाइल दिला. पुढे वळणांचा रस्ता लागला आणि तिला भडाभडा उलटी झाली. चालत्या गाडीत मुलांना स्क्रीन किंवा पुस्तक देऊच नका. डोळ्यांना समोरचं स्थिर दिसतं, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला गाडीचं हलणं कळत असतं. मेंदूकडे असे दोन वेगळे निरोप गेले की मळमळ सुरू होते. साधारण 2 ते 12 वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, त्याहून लहान बाळांना सहसा होत नाही. आमचा धाकटा मजेत होता. मोठीला खिडकीतून लांबवरचं बघायला लावलं, काच थोडी खाली केली, तेव्हा तिला बरं वाटलं. बदलायचे कपडे मात्र डिकीत सगळ्या सामानाच्या तळाशी होते. ते उपसण्यात पंधरा मिनिटं गेली.

पार्किंगपासून प्रवेशद्वार चांगलंच लांब निघालं. पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

दारावरच्या माणसाने तिकीट बघितलं. "वेळ संपली. खिडकीवर जा." मग मोठीकडे बोट दाखवून, "हिचं तिकीट कुठंय?" बुकिंगच्या पानावर 'लहान मुलांना प्रवेश मोफत' एवढंच लिहिलेलं होतं. लहान म्हणजे किती, याचा पत्ता नव्हता. इथे भिंतीवर लाल रंगाची आडवी रेघ होती आणि बाजूला 90 सेंटिमीटर असं लिहिलं होतं. म्हणजे वय विचारायचंच नाही, उंची बघायची. मोठी आपणहून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या खांद्याच्याही खाली आली. आपण मोठे झालो, म्हणून तिला केवढा आनंद झाला.

तिथून सव्वादोन तास आम्ही दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालत होतो. वेळ बदलून देणारी एक खिडकी, मुलांचं तिकीट जोडून देणारी दुसरी. पहिल्या रांगेत पस्तीस मिनिटं उभी राहिले. नंबर आला तेव्हा आतून उत्तर, "आधी मुलीचं तिकीट जोडून आणा, मग वेळ बदलतो." दुसरी रांग लावली. तिथे ऐकायला मिळालं, "या तिकिटाची वेळ संपलीये, याला काही जोडता येत नाही. आधी वेळ बदलून आणा." मी दोनदा समजावून सांगितलं. पलीकडचा माणूस स्क्रीनवरून नजर न हलवता तेच वाक्य बोलत राहिला. एक वाजता जेवणाच्या सुट्टीची पाटी लागली आणि खिडकी अर्धा तास बंद झाली.

रांगेवर छप्पर नव्हतं. धाकट्याची झोपेची वेळ उलटून गेली होती. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण झोप चुकलेलं मूल कडेवर असलं की हे आकडे आठवावे लागत नाहीत. तो मागे वाकून, पाय झाडत रडत होता. त्याच वेळी मोठीला शू लागली आणि स्वच्छतागृहं सगळी दाराच्या आत! दारावरचा माणूस तिकिटाशिवाय सोडेना. शेवटी एका महिला सुरक्षारक्षकाने तिचं बोट धरलं, आत नेलं आणि परत आणून सोडलं. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही.

नवरा म्हणाला, "याला गाडीत झोपवू या का? एसी लावतो, काच थोडी उघडी ठेवतो, अध्येमध्ये जाऊन बघतो." मी साफ नाही म्हटलं आणि यावर कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतलं तापमान अवघ्या दहा मिनिटांत सुमारे 10 अंश सेल्सिअसने चढतं. काच जराशी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. एसीचं म्हणाल, तर तो कधी बंद पडला हे लांब उभ्या माणसाला कळणार कसं? लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. सोबत मोठं माणूस नसेल तर मूल गाडीत एक मिनिटही ठेवायचं नाही. मग नवरा दोघांना घेऊन झाडाखाली जाऊन बसला आणि मी एकटी रांगेत थांबले. हे आधीच करायला हवं होतं. चौघांनी मिळून रांगेत ताटकळण्यात काही अर्थ नसतो.

खिडकी उघडल्यावर मी तिसऱ्यांदा रांग लावली नाही. बाजूच्या दारातून "इथले जबाबदार अधिकारी कोण?" असं विचारलं आणि ते येईपर्यंत तिथून हलले नाही. ते आल्यावर मी आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "या दोन्ही खिडक्यांवरच्या माणसांना माझ्यासमोर एकमेकांशी बोलू द्या." दोघं बोलले. अधिकाऱ्यांनी छापील तिकिटावर पेनाने नवी वेळ घातली, सही केली, मुलीचं वेगळं तिकीट फाडून दिलं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. त्या सहीचा मला आजही अभिमान वाटतो, आणि पहिल्याच फेरीत त्यांना का बोलावलं नाही याची चुटपुटही. एक खिडकी दुसरीकडे आणि दुसरी पहिलीकडे पाठवायला लागली, की लगेच वरच्या माणसाला गाठा.

आत गेलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. आत सगळं छान होतं. धाकटा बाबागाडीत झोपून गेला, मोठीने पाणघोडा मनसोक्त बघितला आणि चार वाजता आम्ही निघालो.

घरी आल्यावर त्याच रात्री मी तक्रार लिहिली. तारीख, वेळ, दोन्ही खिडक्यांवरची उत्तरं, रांगेवर सावली नसणं आणि बाहेर स्वच्छतागृह नसणं, सगळं मुद्देसूद. उत्तर आलं नाही. पण परवा बघितलं तर बुकिंगच्या पानावर 90 सेंटिमीटरची ओळ आली आहे. स्वच्छतागृहाचं काही झालेलं दिसत नाही, म्हणून मी पुन्हा लिहिलं आहे.

जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा : मुलांचं तिकीट वयावर की उंचीवर, पार्किंगपासून दार किती लांब आणि दाराबाहेर स्वच्छतागृह आहे का. वेळ दिवसातली पहिली घ्या, म्हणजे दुपारच्या झोपेला मुलं परतीच्या गाडीत असतील.

हो, ओआरएसचं राहिलंच. उलटी झाल्यावर ते कामाला येतं, म्हणून एक पाकीट जवळ असू द्या. पण 1 लिटरचं पाकीट छोट्या बाटलीत अंदाजाने अर्धं ओतू नका, ते पूर्ण 1 लिटर पाण्यातच कालवायचं आणि 24 तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. माझ्याकडे पाकीट होतं, पण लिटरची बाटली नव्हती. आता कपड्यांचा एक जोड, जुना टॉवेल आणि ती बाटली अशी वेगळी पिशवी मागच्या सीटखाली कायमची ठेवली आहे.