110 ग्रॅम म्हणजे किती वाट्या?

तुम्ही विचारलंत म्हणून. कुंदा म्हणजे आपल्या बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई. त्याच्या कृतीत मी लिटरभर दुधाला 110 ग्रॅम साखर लिहिली की ठरलेला प्रश्न येतो, "ताई, 110 ग्रॅम म्हणजे किती वाट्या ओ?" आणि त्याच्या पाठोपाठ जरा तिरका दुसरा, "आमच्या आज्जीनं कधी वजनाचा काटा घेतला होता काय?"

नव्हता घेतला. पण आज्जी बिनमापाची नव्हती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गावागणिक शेर थोडा कमीजास्त असेल, पण एका गावात सगळ्यांचा एकच. 1956 साली इकडं दोन गोष्टी झाल्या. नोव्हेंबरात बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं आणि डिसेंबरात किलो-लिटर आणणारा मापांचा कायदा झाला. पहिल्यावर आपण अजून भांडतोय. दुसऱ्यानं शेर-पायली गेली, दुकानात किलो आला, स्वयंपाकघरात मात्र राहिली ती वाटी. आणि वाटी हे माप नव्हेच, ते जेवायचं भांडं.

खोटं वाटत असेल तर घरातल्या चार वाट्या काढा, पाण्यानं काठोकाठ भरा आणि पाणी तोला. पाण्याचे जितके ग्रॅम तितकीच मिलिलिटर वाटी. आमटीची भरते 120-130, खिरीची 180-200. शेजारची कन्नड वैनी 'बट्टल' म्हणते, तो आणखी तिसराच. बाजारात मिळणारे मापाचे कपही कुठं 240 मिलिलिटरचे, कुठं 250 चे, आणि इलेक्ट्रिक कुकरसोबत येतो तो बहुतेक 180 चा. मापाचा मोठा चमचा 15 आणि छोटा 5 मिलिलिटरचा असतो. डब्यातला चमचा त्यात बसेलच असं नाही.

आता मान्य करायचं ते करते. भाताला वाटी पुरते. एक तांदूळ, दोन पाणी. वाटी कुठलीही असो, गुणोत्तर तेच राहतं. याच जोरावर मी कितीतरी वर्षं सांगत आले, "घरातली कुठलीही वाटी घ्या, फक्त बदलू नका." तेव्हा ते मला फार शहाणपणाचं वाटायचं. त्यातली खोट साधी आहे. कृतीतली प्रत्येक वस्तू त्याच वाटीनं मोजणार असाल तरच हे खरं. एक जरी जिन्नस पिशवीतून, डब्यातून किंवा नगावर आला, की वाटी उघडी पडते.

ती उघडी पडली कुंद्यात. कृती माझी होती: "एक लिटर दुधाला एक वाटी साखर." माझी वाटी 130 मिलिलिटरची, म्हणजे साखर 110 ग्रॅम. एका बाईंनी ती तीन लिटरला धरली, घरात डोहाळजेवण होतं म्हणून. त्यांची वाटी 200 ची निघाली. तीत साखर बसते 170 ग्रॅम. तीन वाट्यांत 330 च्या जागी 510 ग्रॅम गेली. दूध मात्र पिशवीतलं, ते तीन लिटरच राहिलं.

नुसता गोड झाला असता तर खपून गेला असता. पण साखर जास्त असली की गरम मिश्रण पातळच दिसत राहतं, कारण उरलेल्या पाण्याचा पाक झालेला असतो. बाई वाट बघत राहिल्या, कारण मीच लिहून ठेवलं होतं, "घट्ट होईपर्यंत आटवा." आटत गेलं तसा पाक चढत गेला, गोळीबंदच्याही पुढं. भांड्यात सैल दिसणारा कुंदा परातीत निवला तेव्हा उलथणं आत जाईना.

त्यात भांडं होतं पातळ बुडाचं, उभं स्टीलचं पातेलं. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा साधारण पंधरापट कमी उष्णता वाहून नेतं. जाळ जिथं लागतो तेवढीच जागा तापते, आणि दूध दाट झालं की तिथंच धरतं. खरवडलेले काळे कण वर आले. बाईंना वाटलं कुंद्याचा तपकिरी रंग धरतोय, म्हणून त्यांनी ढवळणं कमी केलं. रंग यायला हवा तो साखरेचा तिसरा भाग वेगळा करपवल्यानं, बुडाला धरलेल्या दुधानं नव्हे. कृतीत मी हा फरक लिहिला नव्हता. तीन लिटर दूध, तीन तासांचा गॅस, दारात पाहुणे. बाई मला एवढंच म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असंल." त्यांचं काही चुकलं नव्हतं. वाटी माझी, "घट्ट होईपर्यंत" माझं.

त्यानंतर कुंद्याला मी काटाच वापरते, आणि साखरेपुरता नव्हे. फुल क्रीम दुधात घनभाग सुमारे 15 टक्के, म्हणजे लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्यात साखर 110 आणि मऊपणापुरतं पाणी. लिटरमागं कुंदा साडेतीनशे ग्रॅमवर आला की गॅस बंद, मग तो डोळ्याला कितीही सैल दिसू दे. त्यासाठी रिकाम्या कढईचं वजन आधी ठाऊक हवं. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात, तिथंच नावाशेजारी रिकाम्या भांड्याचे ग्रॅम घालून घ्या. खडेबाजारात दुकानदार आधी हसतो, मग घालतो. कढई 2140 ग्रॅमची, दूध लिटरभर, तर 2490 ला थांबायचं. तापलेली कढई थेट काट्यावर ठेवू नका, आतला संवेदक बिघडतो. आधी लाकडी पाट ठेवून शून्य करा, मग कढई.

काटा 5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅम दाखवणारा घ्या. याहून महागाची गरज नाही. तपासायचा असेल तर अर्ध्या लिटरची बंद दुधाची पिशवी ठेवा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून 515 ते 520 दिसायला हवं. 500 दिसलं तर दूधवाल्याशी भांडण्याआधी सेल बदलून बघा. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. चिमटीचिमटीनं मीठ टाकलं तर बरेच काटे ते मोजतच नाहीत, शून्याला चिकटून बसतात. वेगळ्या वाटीत घेऊन एकदम ठेवा. हळद, हिंग, जिऱ्याला काटा नकोच, चमचा बास.

भांड्यांचं म्हणाल तर संच घेऊ नका. आटवायला जाड बुडाची पसरट कढई, तीन थरांची स्टीलची किंवा जाड ॲल्युमिनियमची. तोंड 20 सेंटिमीटरऐवजी 30 असलं तर वाफ निघायची जागा सव्वादोनपट होते. लोखंडी कढई भाजीला आणि तळणाला. तीत चिंचेची आमटी केलीत तर ती काळी पडणार, मग मला विचारू नका. पितळी पातेलं लग्नात मिळालेलं असतंच. ते कल्हईशिवाय चुलीवर नको आणि कल्हईनंतर रिकामं तापवायचं नाही, कारण कथील 232 अंशांना वितळतं. नॉनस्टिक एक पुरे, डोश्याला.

तापमापक घेतलात तर पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. बेळगावात तो साडेसत्त्याण्णवच्या आसपास थांबेल. दुकानात परत नेऊ नका, बिघडलेला नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहोत, इथं पाणी तेवढ्यालाच उकळतं. म्हणून करदंटाच्या, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या वडीच्या, गुळाच्या पाकालाही पुस्तकातल्या आकड्यातून अडीच अंश वजा करा.

एवढं सगळं सांगून भाकरीपाशी माझा काटा थांबतो. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाला पाणी किती, हे मी पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं. कधी 80, कधी 95. ज्वारी नवी की जुनी, गिरणीत पीठ किती बारीक पडलं, दळून किती दिवस झाले, यावर आकडा सरकत राहतो. तिथं अजून हातच विचारावा लागतो, आणि तिरका प्रश्न विचारणाऱ्यांना हे मी आजवर सांगितलेलं नाही.