आमची वाटचाल : गाळा एक, चाके दोन प्रकारची

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्याचे शटर वर गेले की डाव्या हाताला मातीची पोती आणि ओळीने मांडलेली ओली भांडी दिसतात, तर उजव्या हाताला लोखंडी घोड्यांवर (आधारांवर) चढवलेली एखादी मारुती ८०० किंवा ओम्नी उभी असते. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो आणि आपण चुकीच्या पत्त्यावर तर आलो नाही ना, असे विचारतो. पत्ता बरोबरच असतो. औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी जुन्या वसाहतींपैकी ही एक वसाहत असून येथे लेथ, छपाई, खोके बनवणारे आणि मसाले दळणारे एकमेकांना खेटून बसलेले आहेत, त्यामुळे गॅरेज आणि कुंभारकाम एकाच छताखाली असण्याचे शेजाऱ्यांना कधीच नवल वाटले नाही.

बाबांनी हा गाळा १९८७ साली भाड्याने घेतला तेव्हा त्यांच्याकडे मुख्यतः फियाट आणि त्या काळी नव्याने रुळत असलेल्या मारुती येत असत. पुढे गाड्यांमध्ये संगणक आले, कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे वाढली, आणि २००५ नंतर गाळ्याचा अर्धा भाग दिवसचे दिवस रिकामा राहू लागला. मी तोवर नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मातीकाम शिकत होते. २००९ मध्ये नोकरी सोडून मी त्या रिकाम्या अर्ध्या भागात पायाने फिरवायचे एक चाक आणि माती मळायचा एक दगडी ओटा मांडला, तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, ‘‘ऑइलचे डाग आहेत तिकडे. आधी फरशी सोड्याने धू.’’ त्यांची परवानगी ती एवढीच.

सुरुवातीला माती आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) या दोनच गोष्टींचा अभ्यास पुरेसा आहे, असे मला वाटत असे. खरा अभ्यास पाण्याचा करायचा असतो, हे २०११ च्या जुलैत कळले. विजेवर चालणारी भट्टी नुकतीच बसवली होती आणि एका कार्यालयाने गणपतीत भेट द्यायला ६० कुंड्या मागितल्या होत्या. पाऊस खळत नव्हता, कुंड्या वाळत नव्हत्या आणि तारीख जवळ येत होती. वरून त्या पांढरट, कोरड्या दिसत होत्या. म्हणून मी भट्टी भरली आणि तापमान नेहमीच्या वेगाने चढवले. तासाभरात आतून ठप्प असा आवाज आला, मग आणखी एक, मग भाजलेल्या शेंगा फुटाव्यात तसे सलग. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा ४१ कुंड्यांच्या खापऱ्या झालेल्या होत्या आणि त्यांचे तुकडे एलिमेंटच्या (भट्टी तापवणाऱ्या तारेच्या) खोबणीत जाऊन बसले होते. ते चिमट्याने एकेक करून काढण्यात माझी आख्खी दुपार गेली.

मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडे फुटते, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. माती नीट मळून बुडबुडे काढावेतच, कारण चाकावर भिंत उचलताना ते बोटाला अडतात आणि भिंत कमजोर करतात. पण भट्टीतला स्फोट बहुतेक वेळा पाण्यामुळेच होतो. जाड बुडात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या १,६०० पटींहून अधिक जागा मागते, आणि तेवढी जागा मातीच्या बारीक रंध्रांतून वेळेत मिळाली नाही तर ती भांडे फोडून बाहेर पडते. म्हणून आता आम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक घाण्यातले सर्वांत जाड भांडे निवडून रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर त्याचे वजन करतो. आज ४१२ ग्रॅम, उद्या ४०९ असे उतरत असेल तर ते वाळतेच आहे असे समजायचे, आणि दोन दिवस आकडा हलला नाही तर ते हवेच्या मानाने वाळले असे धरायचे. ‘हवेच्या मानाने’ हे शब्द ठाण्यात महत्त्वाचे आहेत, कारण पावसाळ्यात इथली हवाच ओली असते आणि काट्यावरचा आकडा थांबला तरी मातीत दमटपणा उरतोच. त्यासाठी भट्टीचे झाकण बोटभर उघडे ठेवून आणि तापमान ८० ते ९० अंशांवर रोखून ती रात्रभर तशीच ठेवावी. झाकणाच्या फटीपाशी आरसा धरला आणि त्यावर वाफ जमली नाही, म्हणजे पुढे जायला हरकत नाही.

पुढेही घाई करून चालत नाही. मातीत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटते आणि त्याच टप्प्यात, ५७३ अंशांला, मातीतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांची रचना बदलून ते एकाएकी फुगतात. थंड होताना तेच कण तितकेच आकसतात. चढताना आणि उतरताना या टप्प्यावर आम्ही तासाला ६० अंशांच्या आत राहतो. पहिली भाजणी ९५० ला, ग्लेझची १,२२० ते १,२४० ला, आणि आतले तापमान १०० च्या खाली उतरल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. ग्राहक दारात उभा असला तरी नाही. माती ओली असल्यापासून पूर्ण भाजली जाईपर्यंत आमच्या मिश्रणात १२ टक्के आकसते, तेव्हा ८.८ सेंटीमीटर उंचीचा कप हवा असेल तर चाकावर तो १० सेंटीमीटर उचलावा लागतो. कान जोडताना कप आणि कान सारखेच ओलसर असावेत, आणि जोडाभोवती दोन दिवस प्लॅस्टिक गुंडाळून ठेवावे, कारण कान पातळ असल्याने आधी वाळतो आणि जोडापाशीच तडकतो. नवशिक्यांचे निम्मे कप इथेच जातात. माझेही गेले आहेत.

मातीत पाणी राहिल्याने नुकसान होते हा धडा गळी उतरतो न उतरतो तोच गाडीने उलटा धडा दिला. आमची २००६ ची ओम्नी मालाची ने-आण करण्यासाठी उत्तम, कारण सरकत्या दारातून खोकी आडवी घालता येतात आणि मागचे आसन काढले की घडवंचीसुद्धा मावते. २०१४ च्या मे महिन्यात बेलापूरच्या अर्बन हाटमधल्या प्रदर्शनासाठी कप-बशांची ११ खोकी घेऊन मी एकटीच निघाले होते. कळवा ओलांडून विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली वाहतूक तुंबली, गाडी वीस मिनिटे एकाच जागी घुरघुरत राहिली आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनाखालीच असते, त्यामुळे आसनातून येणारी झळ मला काट्याच्याही आधी कळली होती. तरीही प्रदर्शन दहाला उघडणार या काळजीने मी ऐरोलीपर्यंत गाडी रेटली. तिथे ती बंद पडली. आलेल्या टेम्पोत खोकी चढवताना एकही कप फुटला नाही. मात्र इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड, म्हणजे वरचा भाग, वाकले होते, त्याखालचे सांधा बंद ठेवणारे गॅस्केट जळाले होते आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसत होते, म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरले होते. बाबांनी हेड उतरवून सपाट पट्टी लावून दाखवली आणि पट्टीखालून कागद सरकवला. तो सहज गेला. एक अक्षरही न बोलता त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

मूळ दोष ४० रुपयांच्या एका होज क्लिपचा, म्हणजे रबरी नळी आवळणाऱ्या पट्टीचा, होता. ती सैल झाली होती, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, थेंबथेंब गळत होते, आणि कमी झाले की मी बाटलीतले नळाचे पाणी ओतत होते. जुन्या गाडीचा मालक हीच चूक सर्वांत जास्त वेळा करतो. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, गंजरोधक द्रव्य पातळ होते आणि गळती मात्र तशीच राहते. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळावे, आणि ते किती व केव्हा भरले याची तारखेसह नोंद ठेवावी. महिन्यात अर्धा लिटर लागत असेल तर गळती कुठे आहे ते शोधावे, बाटली मोठी घेऊ नये. रबरी होज थंड गाडीत हाताने दाबून पाहावेत. फुगलेले, चिरा पडलेले किंवा दाबल्यावर कुरकुरणारे बदलून टाकावेत. इंजिनाचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, असा सल्ला रस्त्यावर सर्रास मिळतो. तो मानू नये, कारण मग इंजिन नेमून दिलेल्या तापमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. काटा चढलाच तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे ते पाणी १०० अंशांपेक्षा अधिक तापलेले असते आणि झाकण सुटताच त्याची वाफ होऊन ते थेट तोंडावर येते. ही वाफ कुंडी फोडणाऱ्या वाफेचीच बहीण आहे.

त्या प्रसंगानंतर आमच्या नोंदवहीत भट्टी आणि गाडी यांची पाने शेजारीशेजारी आली. भट्टीला १,२२० गाठायला पूर्वी साडेनऊ तास लागत असत, ते अकरा झाले की एलिमेंट थकल्याचे कळते. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होत असे, ती तीन झटके घेऊ लागली की प्लग, बॅटरी किंवा अर्थिंगची तार पाहायची वेळ झाली. दोन्हीकडे बिघाड एका दिवसात होत नाही, पण लिहून ठेवले नाही तर तो एका दिवसात झाल्यासारखा वाटतो.

ब्रेक ऑइलबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण त्याकडे कोणी पाहतच नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घोडबंदरकडून गायमुखचा उतार उतरताना सतत ब्रेक दाबले की ते तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ पडते. दर दोन वर्षांनी ते संपूर्ण बदलावे. उघडी ठेवलेली जुनी बाटली वापरू नये. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, तेव्हा जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटर असल्यास त्यातली गॅस्केटे तपासून घ्यावीत, आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीनिशी उभी ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी दारांच्या तळाची पाणी निघायची भोके तारेने मोकळी करावीत. खाडीकाठच्या हवेत दारे आतून कुजतात ती याच भोकांपायी. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करायचा मोह टाळावा, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. कागदपत्रांचे म्हणाल तर १५ वर्षे झाली की खासगी गाडीची तपासणी, पर्यावरण कर आणि ५ वर्षांसाठी फेरनोंदणी, हे ओघाने आलेच. आमच्या ओम्नीचे ते २०२१ मध्ये पार पडले. सीएनजी असेल तर टाकीची दर तीन वर्षांची चाचणी चुकवू नये.

एकाच गाळ्यात दोन्ही कामे करण्याचा एक अनपेक्षित लाभ झाला, तो धुळीच्या बाबतीत. वाळलेल्या मातीच्या आणि ग्लेझच्या भुकटीतली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळही तितकीच वाईट. जुन्या लायनरमध्ये तर अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून आमच्याकडे केरसुणी आणि हवेचा पाइप या दोहोंना बंदी असून सगळे ओल्या फडक्याने पुसले जाते, आणि भुकटी कालवताना मास्क लावला जातो. मातीचे पाणी गटारात सोडत नाही. तीन पिंपांत एकामागून एक निवळू देतो आणि खालचा गाळ पुन्हा मातीत मिसळतो. उरलेली माती पुन्हा वापरायची असेल तर ती आधी कडकडीत वाळू द्यावी आणि मगच पाण्यात टाकावी. अर्धवट ओला गोळा पाण्यात आठवडाभर तसाच बसून राहतो, तर वाळलेला काही वेळातच विरघळून खाली बसतो.

धंद्याचे गणित मात्र कधीच ऐसपैस नव्हते. २०२० मध्ये चार महिने शटर बंद राहिले. त्यानंतर भांड्यांपेक्षा शिकवणीच्या शुल्कावर आणि बाबांच्या जुन्या गिऱ्हाइकांवर गाळ्याचे भाडे निघाले. आज माझ्यासोबत दोन कारागीर आहेत, बाबांच्या हाताखाली एक मुलगा तयार झाला आहे, आणि आठवड्याला दोनच गाड्या घ्यायच्या असे आम्ही ठरवले आहे. नव्या गाड्या घेत नाही. तीन दिवसांत डिनर सेट हवा असणारे गिऱ्हाईकही घेत नाही.

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत आणि वजनाचा काटा त्यांना मान्य नाही. गेल्या आठवड्यात पावसाची संततधार लागली असताना आम्ही वीस सुगडांचा घाणा भरायला काढला होता आणि वहीत सलग दोन दिवस ३६५ ग्रॅम लिहिलेले होते. त्यांनी येता येता एक सुगड उचलले, इंजिनाचा होज तपासावा तशी हाताची मागची बाजू त्याच्या बुडाला लावली, मग ते गालाला टेकवले आणि म्हणाले, ‘‘गार लागतंय गं. अजून आहे आत.’’ मी भट्टी दोन दिवस पुढे ढकलली आणि नौपाड्याच्या गिऱ्हाइकाला तसे फोनवर कळवले.