काळे ठिपके

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पेशीरचनेवर पीएचडीला आले, तेव्हा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या लेन्स, व्हॅक्यूम, तरंगलांबी सगळं तोंडपाठ होतं. मायक्रोस्कोपसमोर बसायचं आणि बघायचं, एवढंच काम असेल असं वाटलेलं. पहिले आठ महिने गेले काप काढायला शिकण्यात.

इलेक्ट्रॉन जाड काप भेदून जात नाहीत, म्हणून काप ६०-७० नॅनोमीटरचा लागतो. वीस मायक्रॉनच्या एका यकृतपेशीचे जवळजवळ तीनशे काप! त्यासाठी उतीचा मिलिमीटरभर तुकडा आधी फिक्स करायचा, म्हणजे पेशीरचना आहे तशी रसायनांनी पक्की करायची: ग्लुटराल्डिहाइडमध्ये, मग ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये (याच्या वाफेपासून डोळे सांभाळा, थट्टा नाही), मग पाणी काढायला चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून, तिथून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, आणि ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस. एवढं पाकक्रियेसारखं आहे, जमतं.

खरी परीक्षा अल्ट्रामायक्रोटोमवर, म्हणजे हे काप काढायच्या यंत्रावर. शिकाऊ हातात हिऱ्याची सुरी कोण देणार? काचेची पट्टी मोडून सुरी आपणच करायची, आणि तिची धार काही तासांत जाते. काप सुरीमागच्या इवल्याशा हौदातल्या पाण्यावर तरंगतात. जाडी रंगावरून ओळखायची: रुपेरी दिसला तर ठीक, सोनेरी म्हणजे जाड, जांभळा म्हणजे फेकून द्या. पापणीचा केस काडीला चिकटवून त्याने काप हलके ढकलायचे. मी शिंकले आणि दिवसभराचे काप गेले, असं दोनदा झालं.

शेवटी ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर (बारीक जाळीच्या चकतीवर) छान रुपेरी काप बसले. रचना गडद उठून दिसावी म्हणून युरेनिल अॅसिटेट, मग लेड सायट्रेट, आणि मायक्रोस्कोप. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकांच्या) आतल्या घड्या स्पष्ट दिसत होत्या, आणि त्यांवर गडद काळे ठिपके! कॅल्शियमचे साठे असणार, असं मनाशी ठरवून मी रात्री दोनपर्यंत फोटो काढले. सकाळी मॅडमना दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "पेशी नाही तिथे, नुसत्या रेझिनवर बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. पाहिलं तर तिथेही तेच ठिपके.

लेड सायट्रेटला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की लेड कार्बोनेटचा साका होतो. ग्रिड त्याच्या थेंबांवर ठेवताना मी वाकून, श्वास सोडत काम केलं होतं. म्हणजे रात्रभर मी माझ्याच उच्छ्वासाचे फोटो काढत होते. (मोठ्यांचंही असं झालंय. जीवाणूंमधले 'मेसोसोम', म्हणजे पटलाच्या आत वळलेल्या घड्या, पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचले होते. पुढे कळलं की ते फिक्सेशनमुळे पटल सुरकुतून तयार झालेले.)

दुसऱ्या वेळी पेट्री डिशमध्ये थेंबांभोवती कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवल्या, पाणी उकळून गार करून घेतलं, आणि झाकण उघडताना श्वास रोखला. ठिपके गेले. मायटोकॉन्ड्रियाच्या आत थोडे बारीक गडद कण मात्र उरले. ते तिथे असतातच, आणि नुसत्या रेझिनवर एकही नव्हता. ते मोजण्यात पुढचं दीड वर्ष गेलं.

ती डागाळलेली ग्रिड अजून डबीत आहे. नवा विद्यार्थी आला की आधी तीच लावून देते आणि काय दिसतंय ते विचारते. बहुतेक जण मायटोकॉन्ड्रियापासूनच सुरुवात करतात.