खांदेमळणी

पोळा श्रावणातल्या अमावस्येचा, पण तो सुरू होतो आदल्या संध्याकाळी, बैलाच्या खांद्यापासून. कोमट पाण्यानं खांदा धुवायचा, कोरडा करायचा आणि हळद-तूप किंवा हळद-लोणी लावून बोटांनी मळायचा. मळता मळता म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ वर्षभर ज्याच्या वाट्याला हाकारे आणि शिव्या, त्याला एका संध्याकाळी अहोजाहो!

मान खांद्याचा, कारण जू तिथं बसतं. नांगरट, वखरणी, पेरणी, कोळपणी अशी जड कामं श्रावण सरेपर्यंत उरकत आलेली असतात आणि जाणत्या हाताला खांद्यावर ती सगळी सापडतात. जोडीतल्या एकाच बैलाच्या खांद्यावर घट्टे असतील तर जोडी उंचीला विजोड आहे, भार एकीकडे कलतोय. केस झडून चट्टा पडला असेल तर जुवाचं लाकूड त्या जागी खडबडीत झालंय. ते तासून गुळगुळीत करायला हवं. हाताला गरम लागणारी मऊ सूज असेल तर बहुधा पावसात भिजल्या खांद्यावर जू ठेवलं गेलं. अशा खांद्याला नुसती हळद पुरत नाही. सूज पूर्ण उतरेपर्यंत बैल मोकळा सोडावा लागतो. तसाच जुंपत राहिलात तर सुजेची गाठ होते आणि ती सहसा जात नाही.

दक्षिण महाराष्ट्रात हाच मान बेंदराला, पोळ्याच्या आधीच होतो. तारीख वेगळी, खांदा तोच.

सणादिवशी नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा; शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल. हौस नडते ती इथं. शिंग तासून त्यावर ऑइलपेंट फासू नका, असं पशुवैद्य दर पोळ्याला सांगतात. वरचं कवच निर्जीव असलं तरी आत रक्त वाहणारं हाड असतं. दुसरी हौस पुरणपोळीची. बैलाचं पोट कडब्याला सरावलेलं. दहा घरी ओवाळलं आणि प्रत्येक घरी अख्खी पोळी चारली, तर गूळ-कणकेनं पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि सणाच्या रात्री डॉक्टर शोधत फिरायची पाळी येते. दारोदारी एकेक घास पुरे.

या सगळ्यात सालगडी कुठं असतो? त्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. पोळ्याची सुट्टी बैलाला, गड्याला मात्र पहाटेपासून काम: बैल ओढ्यावर नेऊन धुणं, शिंगं रंगवणं, संध्याकाळी तोरणाखाली जोडी धरून उभं राहणं. मानाची जोडी पुढं गेली, झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची गाणी, म्हणून झाल्या, की तो बैल घरोघर फिरवतो आणि ओवाळणाऱ्या घरातून त्याच्या हातावर काही पैसे पडतात. विदर्भात याला बोजारा म्हणतात. कुठं मालक नवे कपडेही करतो. बोजाऱ्याला ठरलेला दर नाही, देणाऱ्याच्या मनावर. राबणाऱ्यांच्या सणात राबणाऱ्या माणसाची बाजू एवढीच आहे आणि ती थोडीच वाटते.

झूल, माळा, शिंगांचे गोंडे आणि आजकालच्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या त्याच रात्री उतरवायच्या. राहिल्या तर सकाळपर्यंत शेजारचा बैल त्या चावून गिळतो. दिवा घेऊन गोठ्यात जाणारा अर्थात गडीच.