आधी स्प्रिंग, मग सामान

रात्रीच्या कच्च्या रस्त्यावर माझ्या मोटारसायकलच्या हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. वरच्या फांद्या लख्ख दिसत होत्या आणि समोरचे खड्डे अंधारात. दोनदा थांबून मी हेडलाइटचा स्क्रू फिरवला, झोत खाली आणला. पण दिव्याची चूक नव्हतीच, गाडीचं बूडच बसलं होतं. मागे दोन पेट्या, त्यांच्यावर तंबू आणि अवजारांची पिशवी. मागचा शॉकअप निम्म्याने दबलेला, पुढचं चाक हलकं झालेलं, हँडल पोहतंय आणि प्रत्येक खड्ड्यात मागून ठक्क असा आवाज. ही दोन रात्रींची चाचणी होती, तीन आठवड्यांच्या प्रवासाआधीची. सकाळ होताच मी परत फिरलो.

गाडी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारी: ६५० सीसी, एक सिलिंडर, पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची. तोवर मी सामान जमवत होतो, गाडी तयार करत नव्हतो. पेट्या चांगल्या आहेत का, तंबू टिकेल का, एवढंच बघायचो. हे सगळं कशावर उभं राहणार, हे पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर पहिलं काम मोजमापाचं केलं. बॅगा तोलायचा टांगता काटा घेतला आणि एकेक वस्तू लटकवून वजन वहीत लिहिलं. सगळं मिळून ४१ किलो भरलं. त्याशिवाय मी आणि माझा रायडिंगचा पोशाख मिळून ९५. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या स्प्रिंगा साधारण ७५ किलोच्या चालवणाऱ्याचा विचार करून बसवलेल्या असतात. आकडे समोर आले तेव्हा रात्रीच्या त्या ठक्क आवाजाचा अर्थ कळला.

मग सॅग मोजला, म्हणजे वजनाने गाडी स्प्रिंगवर किती खाली बसते ते. गाडी ठोकळ्यावर घेऊन मागचं चाक लोंबकळत ठेवलं आणि अ‍ॅक्सलपासून वर सीटखाली चिकटपट्टीने केलेल्या खुणेपर्यंत टेप धरली: ६०० मिलिमीटर. गाडी खाली उतरवली, सामान बांधलं, मी पूर्ण पोशाखात वर बसलो आणि मित्राने पुन्हा टेप धरली. ४६८. म्हणजे खड्डा येण्याआधीच १३२ मिलिमीटर दबलेली. या गाडीच्या मागच्या चाकाची पूर्ण हालचाल २६० मिलिमीटर. चालवणारा आणि सामान धरून तिचा साधारण एक तृतीयांश भाग दबावा, म्हणजे ८५ च्या आसपास. माझा निम्मा तिथेच संपत होता.

मित्र म्हणाला, "प्रीलोड आवळ की." प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला दिलेला सुरुवातीचा दाब. आवळला, अगदी शेवटपर्यंत. सॅग १०५ वर आला. पण मी उतरलो, सामान काढलं आणि मोजलं, तर गाडी स्वतःच्या वजनाने एक मिलिमीटरही दबत नव्हती. शॉकअप पूर्ण ताणून वर उभा. नुसती गाडी २५ ते ३५ मिलिमीटर तरी बसायला हवी, नाहीतर चाकाला खड्ड्यात खाली जायला जागाच उरत नाही. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच दाबून ठेवली जाते. ओझ्यासह सॅग जास्त आणि रिकाम्या गाडीचा शून्य, याचा अर्थ स्प्रिंगच नरम आहे. ही दोन मापं एकत्र वाचायला शिकलो, तो दिवस मला या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मागे जास्त ताकदीची स्प्रिंग घातली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्याही दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. फक्त मागचीच बदलली असती तर ब्रेक मारल्यावर नाक खाली गेलं असतं.

पण नवी स्प्रिंग आली म्हणून ४१ किलो तसेच ठेवायचे नव्हते. १९६८ मध्ये यामाहाने डीटी-१ आणली ती २५० सीसीची हलकी गाडी होती, रस्त्यावरही चालेल आणि मातीतही. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारकडे निघालेल्या पहिल्या डाकार रॅलीत जी मोटारसायकल जिंकली ती यामाहाचीच एक्सटी ५००, तीही एकाच सिलिंडरची. या जातीच्या गाड्यांचा जीव त्यांच्या हलकेपणात आहे आणि मी तोच पेट्यांखाली दाबत होतो.

पेट्या आधी काढल्या. चाचणीच्या त्या सहलीत मऊ वाळूत अगदी चालण्याच्या वेगात गाडी आडवी झाली होती. आधारासाठी टेकवलेला पाय मागे ओढला गेला आणि पेटीच्या कडेखाली सापडला. बूट जाड होते म्हणून घोटा वाचला, पण पोटरी काळीनिळी झाली. अ‍ॅल्युमिनियमची पेटी कुलूपबंद राहते, पावसात कोरडी राहते, मुक्कामी बसायलाही होते. डांबरावरून जाणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. मी वाळूत आणि दगडांत जाणार होतो, म्हणून कापडी बॅगा घेतल्या. पेट्या आणि त्यांचा लोखंडी सांगाडा गेला तिथेच ११ किलो कमी झाले.

कापडी बॅगांचा वैरी सायलेन्सर. पहिल्याच फेरीत उजव्या बॅगेच्या तळाला नाण्याएवढं भोक पडलं. पत्रा लावला होता, पण बॅग दबून पत्र्याला टेकत होती आणि पत्रा सायलेन्सरला. आता पत्रा वायसर घालून सायलेन्सरपासून बोटभर लांब बसवला आहे, मधून हवा खेळते. जड वस्तू खाली आणि पुढे: अवजारं इंजिनाखालच्या लोखंडी पत्र्यापुढच्या नळीत, पाणी क्रॅश गार्डच्या छोट्या बॅगांत. मागे शेपटीवर फक्त हलकं, म्हणजे तंबू आणि स्लीपिंग बॅग.

अवजारांची पिशवी एकटीच ९ किलोची होती. तिच्यासाठी एक दिवस काढला. अंगणात चादर पसरली आणि ठरवलं की गाडीची पूर्ण सर्व्हिसिंग फक्त या पिशवीतल्या अवजारांनी करायची. दोन्ही चाकं काढली, तेल बदललं, एअर फिल्टर धुतला, चेन ओढली, क्लच वायर काढून परत घातली. हात लागलेलं प्रत्येक अवजार चादरीच्या उजवीकडे. संध्याकाळी डावीकडे एवढा ढीग उरला की तीन पाने, मोठी पक्कड आणि अख्खा सॉकेट सेट घरीच ठेवला. पण तेवढंच महत्त्वाचं म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या नटाचा पाना पिशवीत नव्हताच! रानात पंक्चर झालं असतं तर चाकच निघालं नसतं. पिशवी ४ किलोवर आली आणि पहिल्यापेक्षा पूर्ण झाली. नवी क्लच वायर मी वेगळी बांधून नेत नाही, जुनीच्या शेजारून ओवून ठेवली आहे. तुटली तर दोन टोकं जोडायची.

पंक्चर काढायची सवय घरीच केली आणि पहिलीच नवी ट्यूब टायर लिव्हरच्या, म्हणजे टायर काढा-घालायच्या पट्टीच्या, टोकाने चिमटली. टायर परत चढवताना शेवटचा वीतभर भाग आत जाईना, मी तिथे जोर लावत बसलो. कारण समोरच्या बाजूला होतं. तिथली टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरलेली नव्हती. गुडघ्याने ती बाजू दाबून खोलात बसवली, कडेला साबणाचं पाणी लावलं, तसा शेवटचा भाग दोन छोट्या लिव्हरांनी सहज आत गेला. टायर जोर मागत असेल तर मी आता लिव्हर खाली ठेवतो आणि समोरची बाजू बघतो. पहिल्यांदा ७० मिनिटं लागली, पाचव्यांदा ३०. जादा ट्यूब एकच नेतो, २१ इंचाची. वेळ पडली तर ती मागच्या १८ इंची चाकातही घडी पडू न देता बसवून सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येतं. उलटं होत नाही.

चेनबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा पिव्होट (मागचं चाक धरणारा दांडा जिथे फिरतो तो सांधा) आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात घट्ट असते. सामान लादलं की मागचा भाग दबून या रेषेच्या जवळ जातो. म्हणून रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी ढील ओझ्याखाली संपते आणि बेअरिंगवर ताण येतो. आता मी ढील सामानासह, कुणालातरी वर बसवून तपासतो. पुढचं स्प्रॉकेटही १५ दात्यांऐवजी १४ चं घातलं. मागे ४२ दाते, म्हणजे गुणोत्तर २.८ वरून ३ झालं. चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळावा लागत नाही. त्या बदल्यात महामार्गावर त्याच वेगाला इंजिन थोडं जास्त फिरतं. मला हा सौदा मान्य आहे.

टाकी १३ लिटरची होती, २० लिटरची प्लास्टिकची घेतली. तिच्यावर स्टिकर लावू नका, पेट्रोलची वाफ प्लास्टिकमधून हळूहळू बाहेर पडते आणि स्टिकरखाली फुगे येतात. भरलेल्या टाकीचं पेट्रोल १५ किलोच्या आसपास भरतं, पण ते पुढे आणि गाडीच्या मध्यावर असतं, म्हणून मागे बांधलेल्या पेट्रोलच्या डब्यापेक्षा बरं.

विजेच्या बाबतीत हिशेब कागदावरच करावा. या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारा भाग, साधारण २०० वॅट देतो. हेडलाइट, इग्निशन आणि बाकीचं वजा जाता गरम ग्रिप्सचे ३६ वॅट आणि फोनचं चार्जिंग आरामात बसलं, गरम जॅकेट मात्र यादीतून काढलं. वायर ओढताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं नव्हतं. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर घासली आणि फ्यूज उडाला. बॅटरीजवळ फ्यूज घातला होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. नकाशासाठी हँडलवर जुना फोन लावतो. इंजिनाच्या तीव्र कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलं आहे, आणि एका सिलिंडरच्या गाडीवर कंपनांना तोटा नसतो.

मुक्कामाचं सामान निवडायला सोपं गेलं. तंबू खुंट्यांशिवाय उभा राहणारा हवा, कारण खडकात खुंटी जात नाही. घडी केल्यावर त्याच्या काठ्या बॅगेच्या रुंदीत मावायला हव्यात. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात, त्यातलं कम्फर्टचं (निवांत झोप लागेल ते) धरा, लिमिटचं (जेमतेम निभावेल ते) नको. स्टोव्ह मी पेट्रोलवर चालणारा घेतला. साधा ब्यूटेन शून्याच्या जरा खाली गेला की वायू व्हायचंच थांबतो, आणि पेट्रोल तर टाकीत असतंच. तो तंबूच्या आत मात्र पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. साइड स्टँडच्या पायाला रुंद पत्रा जोडून घेतला, तरीही तंबू गाडी कलंडेल त्या बाजूला कधी ठोकत नाही.

शेवटी काट्यावर सामान २३ किलो भरलं. गाडीवर बसलो, मित्राने टेप धरली: सॅग ८८. उतरून सामान काढलं: २८. मी ते दोन्ही आकडे सीटच्या खालच्या बाजूला खडूने लिहून ठेवले.

मोठ्या प्रवासात अकराव्या दिवशी मागचं चाक पंक्चर झालं. दगडांचा उतार, वारा आणि तास-दीड तासाचा उजेड शिल्लक. गाडी बॅगांवर टेकवून आडवी केली, पिशवीतून अ‍ॅक्सलचा पाना काढला. ट्यूबमधून बोटाएवढा काटा निघाला. टायरच्या आतून हात फिरवून दुसरा काटा शोधला, तोही सापडला. ठिगळ लावलं, कड खोलात बसवली, चाक चढवलं, हवा भरली. तंबू उभा करून स्टोव्हवर पाणी ठेवलं तेव्हा समोरच्या डोंगरावर अजून ऊन होतं.

ते ठिगळ अजून त्याच ट्यूबमध्ये आहे. सीट मात्र अजून मूळचीच, अरुंद आणि टणक. तिसऱ्या तासाला मला उभं राहूनच चालवावं लागतं. तिचा फोम बदलणं हे आता पुढचं काम.